फिरत्या घरांतील निद्रा

निजण्याची व रांधण्याची सोय असलेल्या मोटारींतून हल्लीं कांहीं कुटुंबें हिंडतात. त्यांस माझें एकच आग्रहाचें सांगणें आहे : थंडी वाजते म्हणून खिडक्या लावून आंत शेगडी पेटती ठेवूं नये. हवा अपुरी पडली कीं जळणांतून कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं; निजलेला मनुष्य जागा होईलच असें नाहीं. त्याची सूचना देणारें यंत्र उशाजवळ असावें. सिलिंडरांतील गॅस मात्र गळला तर हवेहून जड असल्यानें तळाशीं सांचतो. तो बाहेर जावा म्हणून खालच्या अंगास जाळी ठेवलेली असते. महाबळेश्वरीं आमच्या नातवानें नेमकी तिच्यावरच जोड्यांची चळत रचली होती! ती हलवूनच मी निजलों.