शेजारचा कॉम्प्युटर दिसत नाही? थांबा, आधी हे वाचा



समजा, मोरा बंदराजवळ तुमचं छोटं ऑफिस आहे. जेएनपीटीच्या मालाची कागदपत्रं, ट्रान्सपोर्टची बिलं, नाहीतर साधा होलसेलचा धंदा. तीन कॉम्प्युटर, एक राउटर, एक प्रिंटर. टॅलीचा डेटा एका कॉम्प्युटरवर, पार्ट्यांची कागदपत्रं दुसऱ्यावर. तुम्ही तिसरा नवा कॉम्प्युटर आणला, 'नेटवर्क' उघडलं, आणि आत काहीच नाही! मग कोणीतरी सांगतं, "एसएमबी वन चालू कर, लगेच दिसेल."

दिसेलही. पण ते करायचं नाही. का, ते समजायला तुमच्या शेजारचंच उदाहरण पुरेसं आहे.

२०१७ चा जून महिना

२७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला. मर्स्क ही जगातली मोठी शिपिंग कंपनी त्यात सापडली. जेएनपीटीमधलं गेटवे टर्मिनल्स इंडिया, म्हणजे जीटीआय, हे टर्मिनल मर्स्कच्याच समूहाच्या भागीदारीतलं. त्यामुळे व्हायरस सुटला युक्रेनमध्ये आणि काम विस्कळीत झालं आपल्या उरण तालुक्यात. नोंदी हाताने करायची वेळ आली.

मर्स्कने पुढे सांगितलं की त्यांना १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा अंदाज होता २० ते ३० कोटी डॉलर.

आता धंदेवाल्याने लक्षात ठेवायची गोष्ट. हा व्हायरस एका कॉम्प्युटरवर आला की आधी काय करायचा? नेटवर्कवर आणखी कोण कोण आहे ते शोधायचा. म्हणजे तुम्ही 'नेटवर्क' उघडून जे शोधता, तेच! मग त्याला दोन वाटा होत्या. एक, जुन्या एसएमबी वनमधलं भगदाड. ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलं होतं. दुसरी वाट, त्या कॉम्प्युटरवरून ॲडमिनचा पासवर्ड चोरायचा आणि तोच इतर कॉम्प्युटरना लावून बघायचा. सगळीकडे एकच पासवर्ड असेल तर अपडेट केलेले कॉम्प्युटरही गेले.

दिसणं वेगळं, उघडणं वेगळं

नेटवर्क म्हणजे चाळ समजा. कॉम्प्युटर 'दिसणं' म्हणजे दारावरची नावाची पाटी. फोल्डर 'उघडणं' म्हणजे दाराचं कुलूप. पाटी नसली तरी दार असतंच, आणि पाटी आहे म्हणून कोणीही आत यावं असंही नाही.

पूर्वी एक कॉम्प्युटर सगळ्यांची यादी ठेवायचा. ती पद्धत एसएमबी वनवर चालायची. ऑक्टोबर २०१७ पासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी वन सुरुवातीपासून येतच नाही. आता प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःच हाक देतो, "मी इथे आहे." ती हाक देणारी सर्व्हिस बंद असेल, तर कॉम्प्युटर नेटवर्कवर असूनही यादीत येत नाही.

मग दिसण्यासाठी काय करायचं?

१. सेटिंग्जमध्ये तुमच्या ऑफिसचं नेटवर्क 'प्रायव्हेट' करा. 'पब्लिक' असेल तर विंडोज कॉम्प्युटर लपवून ठेवतं.

२. 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये प्रायव्हेटखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा.

३. 'सर्व्हिसेस' उघडा. 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सर्व्हिस 'ऑटोमॅटिक' करून सुरू करा. हे प्रत्येक कॉम्प्युटरवर करायचं.

४. तरी दिसत नसेल तर फाईल एक्सप्लोररच्या ॲड्रेस बारमध्ये दोन बॅकस्लॅश आणि पुढे त्या कॉम्प्युटरचं नाव टाइप करा. बऱ्याचदा फोल्डर सरळ उघडतो. मग त्याला 'मॅप नेटवर्क ड्राईव्ह' करून ठेवा, रोज शोधायची कटकटच नाही.

जुनं झेरॉक्स मशीन स्कॅन केलेली फाईल फोल्डरमध्ये टाकण्यासाठी एसएमबी वन मागत असेल, तर कंपनीच्या माणसाकडून मशीनचं सॉफ्टवेअर अपडेट होतं का विचारा. नाही झालं तर पेन ड्राईव्हवर नाहीतर ईमेलवर स्कॅन घ्या. एका मशीनसाठी सगळ्या ऑफिसची दारं उघडी टाकू नका.

आपण काय काय उघडं ठेवलंय?

आता उलटं बघा. ॲड्रेस बारमध्ये दोन बॅकस्लॅश आणि 'लोकलहोस्ट' टाइप करा. तुमच्या कॉम्प्युटरवरचे शेअर केलेले फोल्डर समोर येतील. पूर्ण यादी हवी असेल तर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मध्ये 'शेअर्ड फोल्डर्स' आणि मग 'शेअर्स' बघा. तिथे नावापुढे डॉलरचं चिन्ह असलेले काही शेअर्स दिसतील. ते विंडोजने स्वतः केलेले असतात आणि 'नेटवर्क'मध्ये दिसत नाहीत. नॉटपेट्या चोरलेल्या पासवर्डने अशाच एका लपलेल्या शेअरमधून आत शिरायचा. म्हणून ॲडमिनचा पासवर्ड प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळा ठेवा, आणि रोजचं काम ॲडमिन नसलेल्या खात्यातून करा.

शेअर करताना हे पाळा:

- अख्खा डी ड्राईव्ह कधीच शेअर करू नका. कामाचा एकच फोल्डर करा.
- 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' नको. ज्याला फक्त रेट लिस्ट बघायचीय त्याला 'रीड' पुरे.
- 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' चालूच ठेवा. प्रत्येक माणसाला त्याचं खातं, त्याचा पासवर्ड.
- ऑफिसात येणाऱ्या पार्टीला, ड्रायव्हरला वायफाय द्यायचंय? राउटरवर 'गेस्ट नेटवर्क' करा.
- महिन्यातून एकदा राउटरच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. ओळखू येत नाही असं नाव असलं तर वायफायचा पासवर्ड बदला.

आणि बॅकअप!

कोणाला काय परवानगी आहे याचा हिशेब ठेवणारे मर्स्कचे मुख्य सर्व्हर एकदमच गेले. प्रत वाचली ती फक्त घानामधल्या ऑफिसात. कारण? तिथे लाईट गेली होती, आणि तो सर्व्हर नेटवर्कपासून तुटलेला होता! एवढ्या मोठ्या कंपनीला लाईट जाण्याने वाचवलं. आपण मात्र नशिबावर राहायचं नाही. टॅलीचा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवला तर व्हायरस तिथेही पोचतो. म्हणून रोज संध्याकाळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घ्या आणि वायर काढून ती कपाटात ठेवा. आठवड्यातून एकदा त्यातली एखादी फाईल उघडून बघा.

आजचा होमवर्क

एक कागद घ्या, तीन रकाने पाडा: फोल्डर, कुठल्या कॉम्प्युटरवर, कोणाला परवानगी. तिसऱ्या रकान्यात 'सगळ्यांना' असं आलं की तो शेअर आजच्या आज बदला. पार्टी तिचे जीएसटी नंबर, बँकेचे तपशील, बिल ऑफ एंट्री तुमच्याकडे विश्वासाने देते. तो विश्वास गेला तर कॉम्प्युटर नवा घेऊन परत मिळत नाही.