आयर्लंडचा १०० युरोंचा घरकर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आयर्लंडमध्ये २०१२ साली निवासी घरामागे १०० युरोंचा वार्षिक कर लागू झाला आणि त्यावरून मोठा राजकीय वाद पेटला. घरपट्टी अंगवळणी पडलेल्या मराठी वाचकाला हा विरोध म्हणजे कर चुकवण्याची सबब वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती अशी की, घरांवरील जुनी स्थानिक पट्टी फियाना फॉल या पक्षाने १९७७च्या निवडणुकीत दिलेल्या आश्वासनानुसार १९७८पासून रद्द झाली होती, आणि १९८३ ते १९९७ या काळातील निवासी मालमत्ता कर केवळ महागड्या घरांच्या सधन मालकांपुरता मर्यादित होता. त्यामुळे सामान्य घरमालक दरवर्षी कर भरत नसला, तरी घर घेतानाच तो मोठे मुद्रांक शुल्क भरत असे. तेजीच्या काळात चढ्या किमतीवर हे शुल्क भरलेल्या अनेकांच्या डोक्यावर २००८नंतरच्या मंदीत घराच्या किमतीहून अधिक कर्ज उरले होते.

हा कर आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि युरोपीय संघ यांनी लादला, हा समज अर्धाच खरा आहे. २०१०च्या अखेरीस मिळालेल्या अर्थसाहाय्याच्या अटींमध्ये मालमत्ता कराचा समावेश होता आणि त्या अटी फियाना फॉलच्या नेतृत्वाखालील सरकारनेच मान्य केल्या होत्या (विरोधी बाकांवर गेल्यावर याच पक्षाने या कराच्या हाताळणीवर टीका केली, हेही नोंदवण्याजोगे आहे). मात्र कराचे स्वरूप काय असावे आणि नोंदणी व वसुली कशी करावी, हा निर्णय फिना गेल व मजूर पक्षाच्या आघाडी सरकारचा आणि पर्यावरणमंत्री फिल होगन यांचा होता. टीकेचा खरा रोख तेथेच होता.

पहिला आक्षेप कराच्या स्वरूपावर होता. घरांचे मूल्यांकन झालेले नसल्याने सरकारने तात्पुरती उपाययोजना म्हणून सरसकट एकच रक्कम ठरवली, आणि डब्लिनमधील आलिशान बंगल्याला व खेड्यातील दोन खोल्यांच्या घराला सारखाच कर बसला. ज्या करात कमी उत्पन्नाच्या माणसावर उत्पन्नाच्या मानाने अधिक भार पडतो त्याला प्रतिगामी कर म्हणतात, आणि डाव्या पक्षांनी व अपक्ष खासदारांनी नेमके यावरच बोट ठेवत नोंदणीवर बहिष्काराचे आवाहन केले. यावर कायद्यात सवलती होत्या, असे उत्तर दिले जाते, आणि ते खरेही आहे; स्थानिक प्रशासनाच्या मालकीची घरे आणि अर्धवट सोडलेल्या ठरावीक वसाहतींतील घरे यांना हा कर नव्हता, पण उत्पन्नानुसार सर्वसाधारण सूट नव्हती. भाडेकरूंनाही कर भरावा लागला, ही समजूत तर निखालस चुकीची आहे, कारण कायद्याने जबाबदारी मालकावर टाकली होती.

दुसरा आक्षेप नोंदणीच्या पद्धतीवर होता. ३१ मार्च २०१२ या मुदतीपर्यंत सुमारे १६ लाख घरांपैकी जेमतेम निम्म्यांची नोंद झाली, म्हणजे उरलेले सारे बहिष्कारात सामील होते, हा निष्कर्षही घाईचा ठरतो. सरकारपाशी घरमालकांची परिपूर्ण यादी नव्हती. देयक घरी येत नसे, मालकाने स्वतःहून नोंद करायची होती, आणि टपाल कार्यालयात पैसे भरण्याची सोयही नव्हती. विरोध, अज्ञान आणि गैरसोय यांचा वाटा आकड्यांतून वेगळा काढता येत नाही. नोंद न करणाऱ्याचे काही बिघडणार नाही, हा प्रचारही फोल ठरला, कारण विलंब शुल्क व व्याज लागतच होते, आणि जुलै २०१३पासून थकीत रक्कम २०० युरो करून तिची वसुली महसूल आयुक्तांकडे सोपवण्यात आली. त्याच वर्षी घराच्या बाजारमूल्यावर, १० लाख युरोंपर्यंत ०.१८ टक्के दराने, स्थानिक मालमत्ता कर आला. महसूल खात्याने मालकांना कराचा अंदाज देणारी पत्रे पाठवली, पगारातून कपातीचीही मुभा दिली, आणि पहिल्याच वर्षी ९० टक्क्यांहून अधिक मालकांनी तो भरला.