पदर डोक्यावर, लावणी गळ्यात

लग्नाच्या मांडवात लावणी लागली की बाप्ये ताल धरतात, आपण मात्र माना खाली घालतो. म्हणून आज सुलोचना चव्हाणांविषयी.

जन्म १९३३, मुंबईचा. माहेरच्या कदम. कुणा गुरूपुढं बसून शिकल्या नाहीत; ऐकून ऐकून गळा तयार झाला. शब्द कुठं ठासायचा, कुठं सोडायचा, हे पती श्यामराव चव्हाणांनी शिकवलं. त्यांच्या लावणीत एक अक्षर गिळलेलं सापडायचं नाही. ‘सोळावं वरीस धोक्याचं’ फाटक्या कर्ण्यावरसुद्धा शेवटपर्यंत कळतं!

आणि गाताना डोक्यावर पदर. नाच नाही, सगळा नखरा आवाजात. नखरा लावणीतल्या बाईचा, गाणारी वेगळी. हे समजलं असतं तर गुणगुणणाऱ्या सुनेला कुणी नावं ठेवली नसती. लावण्या लिहिणारे बहुतेक पुरुषच की! त्यांना शाबासकी, आपल्याला बोलणी, हे कुठलं माप?

आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. पद्मश्री मात्र २०२२ साली मिळाली. त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या.

मोबाईलवर लावाल तेव्हा चित्र बघू नका. ओळीतला शेवटचा शब्द त्या कशा झटकन सोडतात, तिकडं कान द्या.