चारही मेंढ्या गेल्या की कोट

मेंढीकोटाच्या खेळात दश्शीला मेंढी म्हणतात. ५२ पत्त्यांच्या कॅटमध्ये मेंढ्या चार. समोरासमोर बसलेल्या दोन भिडूंची एक जोडी, अशा दोन जोड्या, प्रत्येकाला १३ पाने. तीन मेंढ्या मिळवणारी जोडी डाव जिंकते. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात सात किंवा जास्त, त्यांचा डाव. चारही मेंढ्या एकीकडे गेल्या की दुसऱ्या जोडीवर कोट होतो. त्याहून मोठी नामुष्की बावनपत्ती कोटाची. त्यात तेराच्या तेरा हात जातात, हरलेल्यांच्या पुढ्यात एकही पान येत नाही.

साधा कोट हातांवर ठरत नाही, हे नवख्यांना उशिरा कळते. नऊ हात करूनही कोट बसतो; विरोधकांच्या उरलेल्या चार हातांत चार मेंढ्या निघाल्या की पुरे.

मोहर्लीत, ताडोब्याच्या प्रवेशद्वाराजवळच्या एखाद्या ओट्यावर डाव रंगला आहे असे समजू. एकाकडे किलवरची मेंढी आणि सोबत फक्त पंजी. विरोधकाने किलवरचा एक्का उतरवला, पंजी गेली. लगेच राजा आला. आता हातात मेंढीखेरीज किलवर नाही, ती टाकावीच लागते. सोबत आणखी दोन-तीन किलवर असते तर ती तगली असती. म्हणून भिडूचा एक्का पडला की मेंढी त्याच हातावर देऊन टाकावी. मेंढी हुकमाची असेल तर तिनेच दुसऱ्या रंगाचा हात कापून ती घरी आणता येते, मात्र मागून वरचा हुकूम पडता कामा नये.

बावनपत्ती क्वचितच होते. हुकमाचा एक्का ज्या जोडीकडे असतो तिच्यावर ती होऊच शकत नाही, कारण त्या पानाचा हात कोणी अडवू शकत नाही.

नामुष्की टाळण्याची अशीच धडपड जपानी माहजोंगमध्येही दिसते, फक्त तिथे चौघे स्वतंत्र खेळतात. तिथे याकितोरी नावाचा ऐच्छिक नियम आहे. सुरुवातीला प्रत्येकापुढे एक खूण असते, एक डाव जिंकला की ती उलटायची. शेवटपर्यंत ज्याची खूण उलटत नाही त्याला दंड. खेळ पूर्व आणि दक्षिण अशा दोन फेऱ्यांचा, एरवी किमान आठ डावांचा. एकेका डावात जिंकण्याची शक्यता पाचात एक धरली, तर आठही डाव कोरडे जाण्याची शक्यता सुमारे १७ टक्के येते. म्हणजे चांगल्या खेळाडूवरही ही पाळी येते. दंड टाळण्यासाठी मग तो मोठ्या डावाचा नाद सोडून स्वस्तातला डाव पटकन पुरा करतो.

मेंढीकोटात हीच धडपड दोघांची मिळून असते, आणि खेळाची खरी गंमत इथेच आहे. तीन मेंढ्या गेल्यावर डाव हरलेला असतो, पण कोट अजून व्हायचा असतो. त्या क्षणी पाने खाली टाकू नयेत. चौथी मेंढी कोणत्या रंगाची राहिली, तो रंग किती वेळा फिरला आणि भिडूकडे त्यातले काय असेल, एवढा हिशेब करून पुढचे पान टाकावे.