सुरतेचा किल्ला

लग्नसराईत कापड घेण्यासाठी आपल्या वसईकडील पुष्कळ मंडळी सुरतेस जातात. परंतु तापीच्या काठी उभा असलेला तेथील जुना किल्ला पाहून येणारे विरळाच. त्या किल्ल्याची हकिकत आज वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

हा किल्ला बांधला गेला तो पोर्तुगीजांच्या भयाने. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. पण खरे ते सांगितलेच पाहिजे. १५१२, १५३० आणि १५३१ या साली त्यांनी सुरत लुटली व जाळली. ज्या सत्तेच्या आश्रयाने आपल्या गावांत देवळे उभी राहिली, तिच्याच गलबतांनी सुरतेच्या घरांना आग लावली. तेव्हा गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याने खुदावंदखान या सरदाराकडे काम सोपविले आणि १५४० नंतरच्या काही वर्षांत किल्ला उभा राहिला. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, जमिनीच्या बाजूंना खंदक. चिरे लोखंडी पट्ट्यांनी जखडून सांध्यांत वितळलेले शिसे ओतले होते, असे सांगतात. १५७३ साली खुद्द अकबर बादशहालाही तो घेण्यास सुमारे दीड महिना लागला. त्याच वेढ्याच्या वेळी पोर्तुगीजांचे वकील त्यास भेटले, आणि पुढे १५८० साली धन्य रुडॉल्फ अक्वाविवा त्याच्या दरबारी गेले.

परंतु किल्ल्याची खरी परीक्षा झाली ती जानेवारी १६६४ मध्ये. शिवाजी महाराज शहरावर चालून आले, तेव्हा शहराभोवती धड तटही नव्हता. मोगल सुभेदार इनायतखान पाचशे शिपायांचा पगार सरकारातून घेत असे, पण शिपाई त्याने ठेवलेच नव्हते! तो किल्ल्यात शिरला आणि दरवाजे लावून बसला. काही धनिकांनी पैसे चारून आत जागा मिळविली. गोरगरिबांनी बायकामुले घेऊन नदीपार पळ काढला. आतून तोफा सुटत होत्या. पण मराठ्यांपेक्षा शहरातील घरांचीच त्यांनी अधिक हानी केली. तहाच्या मिषाने खानाने एक तरुण पाठविला. त्याने महाराजांवर खंजीर उपसला, आणि तो तेथेच मारला गेला.

इंग्रजांनी आपली वखार बंदुका घेऊन राखली. कापुचिन संघाचे फादर अँब्रोज यांच्याजवळ मात्र बंदूक नव्हती, खंदक नव्हता. तरी त्यांच्या मठास धक्का लागला नाही. हे पाद्री सज्जन आहेत, त्यांना त्रास देऊ नये, असा महाराजांचा हुकूम होता, असे फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो. डच वखारीच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही असेच वाचले. तो मोठा दानशूर होता, अशी त्याची कीर्ती महाराजांच्या कानी गेली होती. परधर्मी लेखकाने नोंदविलेली ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

या लुटीनंतर शहराभोवती विटांचा तट बांधला गेला, तरी १६७० च्या ऑक्टोबरात महाराज पुन्हा आलेच. मार्च १७५९ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. १८६२ साली तेथील फौज उठली आणि रिकाम्या खोल्यांत महसूल व पोलीस खात्यांच्या कचेऱ्या थाटल्या गेल्या. अलीकडे सुरत महानगरपालिकेने त्याची डागडुजी करून आत संग्रहालय मांडले आहे. कापडाची खरेदी आटोपल्यावर घटकाभर वेळ काढावा. बुरुजाजवळून तापीचे पात्र दिसते.