पंचगंगेचें गांव : महाबळेश्वर

पावसाळ्यांत सांगलीचे लोक आयर्विन पुलाशीं जमतात, ते बहुधा एकाच प्रश्नाचें उत्तर शोधावयास : पाणी आज किती फुटांवर आहे ? इ. स. १९२९ मध्यें पुऱ्या झालेल्या या पुलाजवळचा आंकडा पाहून कोणी दुकानांतील माल माडीवर हलवितो, तर कोणी घरांतील वृद्धांना उंचावरील आप्तांकडे पोंचवितो. परंतु तो आंकडा सर्वस्वीं सांगलींत ठरत नाहीं. त्याचा बराचसा निर्णय शंभरांहून अधिक मैल दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर होत असतो. तेथें सुमारें साडेचार हजार फूट उंचीवर जें लहानसें गांव वसलें आहे, तें महाबळेश्वर.

महाबळेश्वर या एका नांवाखालीं वस्तुतः दोन गांवें आहेत. एक क्षेत्र महाबळेश्वर, आणि दुसरें त्यापासून तीन-चार मैलांवरील हवा खाण्याचें ठिकाण. पहिल्याचें मूळ झऱ्यांत आहे. येथील पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पांच नद्यांचे उगम मानिले असून त्यांचें पाणी गोमुखांतून कुंडांत पडतें. यांखेरीज भागीरथी बारा वर्षांनीं, म्हणजे गुरु कन्या राशीस आला असतां, आणि सरस्वती साठ वर्षांनीं येथें प्रकट होते, अशी श्रद्धा आहे. एका छपराखालीं एकत्र आलेल्या या बहिणींच्या वाटा मात्र निराळ्या आहेत. वेण्णा माहुलीस आणि कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते, व पुढें कृष्णा साडेआठशें मैलांहून अधिक प्रवास करून पूर्वसमुद्रास जाते. सावित्री मात्र कडा उतरून कोंकणांत पोलादपूर-महाडावरून पश्चिमसमुद्राची वाट धरते.

या झऱ्यांजवळ देवालय उभारण्याचा मान तेराव्या शतकांतील यादव राजा सिंघण याला दिला जातो. पुढें हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांकडे होता. तो इ. स. १६५६ मध्यें शिवाजी महाराजांनीं घेतला व जवळच प्रतापगड बांधविला. इ. स. १६६५ मध्यें सूर्यग्रहणाच्या पर्वावर महाराजांनीं मातुश्री जिजाबाई व वृद्ध सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली, ती याच क्षेत्रीं.

दुसरें गांव पाण्यासाठीं नव्हे, तर हवेसाठीं वसलें. साताऱ्याच्या फौजेवरील अधिकारी लॉडविक हा इ. स. १८२४ मध्यें जंगल तुडवीत या माथ्यावर चढला. चार वर्षांनीं मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम येथें आला, व आजारी गोऱ्या सैनिकांस ही थंड हवा मानवेल हें त्यानें हेरलें. इ. स. १८२९ मध्यें छत्रपति प्रतापसिंह महाराजांशीं करार होऊन ही जागा इंग्रजांकडे गेली, व मोबदल्यांत महाराजांना वाई भागांतील खंडाळें गांव मिळालें. येथें जी पेठ वसली, तिला माल्कम पेठ हें नांव पडलें. तेथें पाठविलेल्या चिनी व मलायी कैद्यांनीं रस्त्यांची कामें केलीं, टोपल्या विणल्या आणि बटाटे व विलायती भाज्या पिकविल्या. त्यांचा तुरुंग इ. स. १८६४ मध्यें उठला. बागाईताची संवय मात्र डोंगरावर राहिली. आज ज्या तळ्यांत पाहुणे होड्या फिरवितात, तें वेण्णा तळें साताऱ्याचे छत्रपति शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनीं इ. स. १८४२ मध्यें बांधविलें.

आतां झरे कसे वाहतात, हें पाहूं. सह्याद्रि हा सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थरावर थर सांठलेल्या लाव्ह्याचा बनला आहे. त्याचा काळा पाषाण पाणी सहसा आंत घेत नाहीं. परंतु महाबळेश्वरच्या माथ्यावर त्यावर जांभ्या दगडाची टोपी आहे. जांभा हा सच्छिद्र असतो. येथें वर्षास सव्वादोनशें इंचांच्या आसपास पाऊस पडतो. सांगलीस तो पंचवीस इंचांच्या आसपास. यांतील पुष्कळ पाणी वाहून जातें, पण कांहीं पाणी रानांतील पालापाचोळ्यावर थबकतें आणि जांभ्यांत मुरतें. खालीं चिकण मातीचा व काळ्या पाषाणाचा थर लागला, कीं तें अडतें, आडवें सरकतें आणि डोंगराच्या कुशींतून झरा होऊन बाहेर पडतें. जांभ्यांतील विरघळणारे क्षार युगानुयुगांच्या पावसानें आधींच धुऊन नेले असल्यामुळें हें पाणी हलकें असतें.

याच्या उलट प्रकार डोंगराखालीं आढळतो. कोंकणांत वज्रेश्वरीपासून महाडजवळच्या सवापर्यंत, आणि पुढें उन्हवरें, तुरळ व राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत ऊन पाण्याच्या झऱ्यांची जणूं एक ओळ आहे. तेथील पाणी भेगांतून फार खोल जातें, भूगर्भांतील उष्णतेनें तापतें आणि वाटेंतील क्षार घेऊन वर येतें. एकच पाऊस माथ्यावर मुरला तर थंड व मधुर, आणि पाताळाची वाट धरली तर ऊन व क्षारयुक्त होतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. झरा म्हणजे अक्षय्य भांडार नव्हे. पावसाळ्यांत ठेवलेली ती ठेव आहे आणि ती उन्हाळ्यांत थोडी थोडी परत मिळते. पाहुण्यांची गर्दी नेमकी मे महिन्यांत होते, तेव्हां झरे सर्वांत क्षीण असतात. त्यांतच या भागांतील स्ट्रॉबेरीस इ. स. २०१० मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. तिच्या मळ्यांसहि पाणी हवेंच. माथ्यावर रान तुटलें, जांभ्यावर फरशी व गच्ची पसरली, कीं मुरणारें पाणी वाहूं लागतें. मग वर उन्हाळ्यांत टंचाई आणि खालीं पावसाळ्यांत लोंढा, असें दुहेरी नुकसान होतें. केन्द्र सरकारनें इ. स. २००१ मध्यें महाबळेश्वर-पांचगणीचा परिसर संवेदनक्षेत्र ठरवून बांधकामावर निर्बंध घातले, त्यामागें हाच विचार होता.

इ. स. २०२१ च्या जुलै महिन्यांत महाबळेश्वरीं एका अहोरात्रांत तेवीस इंचांहून अधिक पाऊस कोसळला, आणि त्याच आठवड्यांत कृष्णा सांगलीच्या पेठांत शिरली. इतका पाऊस कोणतेंहि रान सर्वस्वीं अडवूं शकत नाहीं, हें खरें. तथापि जेवढें पाणी माथ्यावर मुरतें, तेवढें खालीं धांवत येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. गोमुखाखालीं ओंजळ धरणाऱ्या यात्रेकरूनें झऱ्यामागील रानालाहि एक नमस्कार करावा. त्या रानाचा सांभाळ हा केवळ डोंगरावरच्या मंडळींचा प्रश्न नाहीं. वाई, कऱ्हाड आणि सांगलीच्या प्रत्येक घराच्या उंबरठ्याशीं तो जोडलेला आहे.