गच्चीवर काडी लावून डेटा जात नाही
वकिलाच्या किंवा सीएच्या ऑफिसात आवराआवर निघाली की कपाटांतून सीडी, फ्लॉपी, बंद पडलेल्या हार्ड डिस्क बाहेर येतात. त्यांत अशिलांची माहिती असते, म्हणून भंगारवाल्याला द्यायचा धीर होत नाही. मग कुणीतरी सुचवतं, ‘गच्चीवर नेऊन जाळा, विषय संपला.’

संपत नाही. 2003 साली ‘कोलंबिया’ अंतराळयान परतताना तुटून जळालं. अवशेषांत सापडलेल्या एका करपलेल्या हार्ड डिस्कमधून तज्ज्ञांनी झेनॉन वायूवरच्या प्रयोगाची बहुतेक सगळी माहिती परत मिळवली! डेटा असतो तो आतल्या अॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या चकत्यांवर. अॅल्युमिनियम वितळायला 660 अंश सेल्सिअस लागतात. रद्दीच्या जाळात त्याआधी पेटतात त्या वायरी आणि सर्किट बोर्ड.

‘थोडासा धूर, हवेत विरून जातो’ हा समज जास्त घातक. वायरींचं वेष्टण आणि जुन्या सव्वापाच इंची फ्लॉपीचं आवरण पीव्हीसीचं असतं. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. घशातल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. शिवाय पीव्हीसीतला क्लोरीन, अर्धवट जळालेला कार्बन आणि वायरीतलं तांबं एकत्र आले की धूर निवताना, साधारण 200 ते 400 अंशांच्या दरम्यान, डायऑक्सिन नावाची विषारी संयुगं तयार होतात. उघड्या शेकोटीत नेमकी हीच परिस्थिती असते. सर्किट बोर्डात आग रोखण्यासाठी घातलेली ब्रोमीनची रसायनंही अशीच विषारी संयुगं देतात. डायऑक्सिन चरबीत साठतात आणि शरीरातलं त्यांचं प्रमाण निम्म्यावर यायलाच 7 ते 11 वर्षं जातात. राख मातीत पडते, तिथून डायऑक्सिन कोंबडीच्या अंड्यांत उतरतात. घानातल्या अग्बोग्ब्लोशी इथल्या पूर्वीच्या ई-कचऱ्याच्या बाजारालगतच्या अंड्यांत ते आढळले होते. कापडी मास्क धुळीपुरता, वायू त्यातून आरपार जातात.

सीडीत क्लोरीन नसतो, हे खरं. ती पॉलिकार्बोनेटची. पण तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि फिनॉल असतात, आणि तिची डबी सहसा पॉलिस्टायरिनची, म्हणजे दाट काळी काजळी.

कायद्याचंही पाहा: उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये दिला.

मग करायचं काय? सीडीचा डेटा लेबलच्या बाजूला, पातळ लॅकरखाली असतो. ती बाजू खोल खरवडा. डीव्हीडीत तो दोन थरांच्या मध्ये असतो, तिचे तुकडेच करावे लागतात. चालू हार्ड डिस्क पूर्ण ओव्हरराइट करा, बंद असेल तर चकत्यांना भोकं पाडा. पेन ड्राइव्हवर चुंबक फिरवून काही होत नाही, आतली काळी चिपच फोडावी लागते. उरलेलं सगळं अधिकृत ई-कचरा प्रक्रिया करणाऱ्याकडे द्या आणि डेटा नष्ट केल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. ड्रिल चालवताना मात्र डोळ्यांवर गॉगल हवाच. काचेच्या चकत्या फुटतात.